जुने इंजिन बांधायचे की जपानहून आलेले बसवायचे : एका कोरोलाच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर

आजपासून नोंदी ठेवतो आहे. गाडी बाबांची. टोयोटा कोरोला, मॉडेल एई१०१. इंजिन ४ए-एफई : १,५८७ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. मीटरवर २,८७,००० किमी. वर्षभर ऑइल खाणे वाढत गेले आणि आता दर ८०० किमीला लिटरभर ऑइल ओतावे लागते. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की मागच्या आरशात निळा धूर दिसतो. सकाळी पहिल्यांदा चालू करतानाही निळ्या धुराचा एक लोट येतो, पण तो दोन मिनिटांत ओसरतो. सकाळचा धूर बहुधा व्हॉल्व्ह सीलचा, चढावरचा पिस्टनच्या रिंगांचा. दोन्ही एकत्र म्हणजे इंजिनाचे काम निघाले.

ज्याला विचारावे तो एकच सांगतो, "खोलत कशाला बसतोस? जपानचं इंजिन आण, टाक आणि मोकळा हो." सल्ला वाईट हेतूने कोणी देत नाही. पण आपले इंजिन नक्की कशाने गेले हे ठाऊक नसताना ते फेकायला मन तयार नाही. आधी मोजायचे, मग ठरवायचे.

१५ नोव्हेंबर

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजणे. इंजिन गरम केले, चारही प्लग काढले, इग्निशन आणि इंजेक्टरची कनेक्शने सोडवली, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायला शेजारच्या मुलाला बसवले. बॅटरी पूर्ण चार्ज होती. आकडे किलो प्रति चौरस सेंमीमध्ये :

१ : ११.२, २ : ९.४, ३ : ८.६, ४ : १०.९.

मॅन्युअलप्रमाणे चांगल्या इंजिनाला १३.५ हवे, १०.० ही खालची मर्यादा, आणि सिलिंडर-सिलिंडरमध्ये १.० पेक्षा जास्त फरक नको. दोन सिलिंडर मर्यादेखाली, फरक २.६.

मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले. ऑइल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवते, त्यामुळे गळती रिंगांतून असेल तर आकडा चढतो. १२.६, ११.८, ९.३, १२.४. तीन सिलिंडर व्यवस्थित चढले. तिसरा जेमतेम हलला. म्हणजे तिसऱ्याची हवा रिंगांतून नाही, वरून जाते आहे. व्हॉल्व्ह, गॅस्केट किंवा हेड.

संध्याकाळी बाबांची वही काढली. गाडी घेतल्या दिवसापासून प्रत्येक ऑइल, प्रत्येक फिल्टर, प्रत्येक बेल्ट त्यांनी तारीख आणि किलोमीटर घालून लिहून ठेवला आहे. २,११,४०० किमीची नोंद अशी : "रेडिएटरचा वरचा पाइप फुटला. घाटात सुई लालवर. बाजूला घेईपर्यंत पाच मिनिटे गेली. पाइप व पाणी बदलले." त्याखाली वेगळ्या पेनने, बहुधा नंतर कधीतरी : "तेव्हापासून दर तीन महिन्यांनी थोडे पाणी घालावे लागते."

ॲल्युमिनियमचे हेड आणि पाच मिनिटे लाल सुई. तिसरा सिलिंडर ऑइल घालूनही का चढला नाही, याचा धागा बहुधा या दोन ओळींत आहे. ही वही हातात नसती तर मी नुसत्या रिंगा बदलून इंजिन परत बसवले असते.

१८ नोव्हेंबर

जपानी इंजिनांबद्दल जे ऐकले त्यातले किती खरे, ते आज शोधत बसलो.

सगळ्यात जास्त ऐकू येते ते हे की जपानमध्ये ठरावीक किलोमीटर झाले की इंजिन बदलण्याचा कायदा आहे, म्हणून ही इंजिने कमी वापरलेली असतात. असा कायदा नाही. तिथे आहे ती "शाकेन" ही सक्तीची तपासणी. नव्या खाजगी गाडीला पहिली ३ वर्षांनी, मग दर २ वर्षांनी. तपासणी, विमा, कर आणि त्या निमित्ताने निघणारी दुरुस्ती मिळून खर्च मोठा होतो. पेट्रोल गाडी १३ वर्षांची झाली की वाहन करही वाढतो. त्यामुळे चालती गाडी मालक मोडीत देतो हे खरे. पण तिचे इंजिन किती चालले होते हे त्यावरून कळत नाही. १३ वर्षांत ४०,००० किमी फिरलेली गाडीही मोडीत जाते आणि १,८०,००० किमी फिरलेलीही.

दुसरी गोष्ट अशी की किलोमीटरचा मीटर गाडीत असतो, इंजिनात नसतो. गाडीतून इंजिन उतरले की त्याचा आकडा डॅशबोर्डबरोबर मागे राहतो. विकणारा जे सांगतो ते त्याला कोणीतरी सांगितलेले असते. शिवाय शहरात सिग्नलला उभ्या गाडीचे इंजिन चालतच असते, ते तास कोणत्याच किलोमीटरमध्ये येत नाहीत.

या इंजिनांच्या बाजूचीही एक खरी गोष्ट लिहितो. ऑइल वेळेवर बदललेले ४ए-एफई लाख-दीड लाख किमीला तरुणच असते. चांगले मिळाले तर त्याच्यासारखा सोपा मार्ग नाही. "चांगले" हे कसे ओळखायचे, एवढाच प्रश्न आहे.

२७ नोव्हेंबर

एका आयात इंजिनवाल्याच्या गोदामात दोन तास काढले. इंजिने एकावर एक रचलेली. काहींची तोंडे टेपने बंद केलेली, बहुतेकांची उघडी. चार ४ए-एफई होती, पण चारही सारखी नव्हती.

एकाचे इनटेक मॅनिफोल्ड वेगळे दिसले. ते लीन बर्नचे होते. हवा जास्त, पेट्रोल कमी अशा मिश्रणावर चालणारे हे ४ए-एफई जपानमधल्या कॅरिना आणि कोरोनामध्ये येत असे. नाव तेच, पण इनटेक पोर्ट, मॅनिफोल्ड आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) वेगळे. माझ्या वायरिंगवर ते नीट चाललेच नसते. नुसते "४ए-एफई द्या" म्हणून फोनवर इंजिन मागवणाऱ्याच्या पदरात हे पडू शकते. मी माझ्या इंजिनाची इनटेक गॅस्केट खिशात घेऊन गेलो होतो. ती प्रत्येकाच्या पोर्टवर धरून पाहिली.

उरलेल्या तिघांपैकी दोघांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची फ्लेक्स प्लेट होती. माझी गाडी मॅन्युअल, म्हणजे फ्लायव्हील माझेच लावावे लागणार. डिस्ट्रिब्युटर तिघांनाही होते, वायरिंग सुऱ्याने कापलेले.

कॉम्प्रेशन दाखवा म्हटल्यावर उत्तर आले की सुट्या इंजिनाचे होत नाही. हे खरेच आहे. या इंजिनात स्टार्टर गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगला बसतो, आणि गिअरबॉक्स काढलेला असला की स्टार्टर लावायला जागाच उरत नाही. म्हणून मी सात दिवसांत तपासून परत करण्याची अट बिलावर लिहून मागितली. बरीच घासाघीस झाली, पण शेवटी लिहून मिळाली. "६०,००० किमी चाललेले" हे शब्दही बिलावर घ्यायला लावले.

२ डिसेंबर

विकत आणलेले आयात इंजिन स्टँडवर चढवले. धुण्याआधी सगळीकडून फोटो काढले.

थर्मोस्टॅटचे झाकण उघडले. आत टोयोटाच्या लाल कूलंटचा वाळलेला थर, त्याखाली ॲल्युमिनियम स्वच्छ. गंज किंवा चिखल नाही, म्हणजे कोणीतरी या गाडीत साधे पाणी न घालता कूलंटच घालत होते. ऑइलचे झाकण उघडल्यावर कॅमशाफ्ट मधाच्या रंगाचे दिसले, काळा गाळ नाही. इथवर आनंद वाटला.

मग टायमिंग बेल्टच्या वरच्या कव्हरवरची धूळ पुसली आणि खाली एक स्टिकर निघाले. हातभर लांबून नुसता मळका डाग वाटत होता. ओल्या फडक्याने हळूहळू पुसल्यावर छापील जपानी अक्षरे आणि त्यांच्यामध्ये बॉलपेनने भरलेले आकडे दिसू लागले. जपानमध्ये टायमिंग बेल्ट बदलला की मेकॅनिक असे स्टिकर लावून त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहितो. आकडे आपल्याला वाचता येतात : १६, ९, आणि पुढे १,०२,०००.

१६ हे हेइसेइ कालगणनेतले वर्ष. हेइसेइचे पहिले वर्ष १९८९, तेव्हा १६ वे म्हणजे २००४. २००४ च्या सप्टेंबरात, १,०२,००० किमीला बेल्ट बदलला. तिथे बेल्ट बदलण्याची नेहमीची मुदत १,००,००० किमी, त्यामुळे आकडा नीट जुळतो. त्यानंतर गाडी किती वर्षे आणि किती किलोमीटर चालली हे सांगणारे इंजिनावर काही नाही. पण ६०,००० किमीचे इंजिन हे नक्की नव्हे.

मला राग आकड्याचा आला नाही. १,०२,००० ला वेळेवर बेल्ट बदललेले इंजिन, विकणाऱ्याने तसे सांगितले असते तरी मी घेतले असते. राग आला तो यासाठी की खरी माहिती त्या इंजिनावरच लिहिलेली होती आणि विकणाऱ्यांपैकी कोणीही फडके मारून ती वाचली नव्हती.

४ डिसेंबर

लीक-डाउन टेस्ट. स्टार्टर लागत नाही तिथे हीच चाचणी करावी. सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर, व्हॉल्व्ह बंद) आणायचा, प्लगच्या भोकातून ठरावीक दाबाची हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते दुसऱ्या गेजवर पाहायचे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणून पहिल्यापासून सुरुवात करून दर वेळी क्रँक १८० अंश फिरवला. क्रँक पुलीच्या बोल्टवर लांब पाना लावून धरावा लागतो, नाहीतर हवेच्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो आणि पाना हातातून फिरतो.

१ : ९ टक्के. ३ : ११ टक्के. ४ : १० टक्के. तिन्ही उत्तम.

२ : ४६ टक्के.

कान लावला. ऑइलच्या झाकणातून आवाज नाही, थ्रॉटलमधून नाही. एक्झॉस्ट पोर्टमधून सरळ फुसफुस. दुसऱ्याचा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही. कधी कधी सीटवर कार्बनचा कण अडकतो, म्हणून व्हॉल्व्हच्या माथ्यावर लाकडी दांड्याने दोनदा हलके ठोकले. ४४ झाले. कण नव्हता.

५ डिसेंबर

प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला. पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या सिलिंडरच्या भिंतींवर कारखान्यातल्या होनिंगच्या, म्हणजे दगडाने घासून काढलेल्या, तिरक्या रेघा अजून दिसतात. दुसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर, जवळपास मध्यावर, गंजाचा एक पट्टा. बोटभर रुंद, तपकिरी, सबंध गोलाई.

काय झाले असावे ते कळते. इंजिन उतरवल्यावर क्रँक जिथे थांबला तिथे दुसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा होता आणि पिस्टन मध्यावर होता. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढलेले, तोंड उघडे. पावसाचे किंवा दमट हवेचे पाणी आत गेले, पिस्टनवर साचले आणि रिंगांच्या रेषेत भिंत गंजली. व्हॉल्व्हची सीटही त्यानेच खाल्ली. हा दोष गाडी चालवल्याने आला नाही, इंजिन उघडे पडून राहिल्याने आला. सेकंडहँड इंजिन घेणाऱ्याने किलोमीटरइतकेच हे विचारावे की उतरवल्यापासून किती दिवस झाले आणि तोंडे कशाने बंद होती.

विकणाऱ्याला फोटो पाठवले, बिलावरच्या अटीची आठवण दिली. तो म्हणाला, परत आणा किंवा निम्म्या किमतीत ठेवा. दोन दिवस मागितले.

१३ डिसेंबर

निम्म्या किमतीत ठेवले. कारण पुढे येईल.

आपले इंजिन उतरवले. दोन कॅमपैकी एक बेल्टवर फिरतो आणि दुसऱ्याला गिअरने फिरवतो. त्या गिअरला जोडून स्प्रिंगवर ताणलेला एक पातळ गिअर आहे. कॅम काढण्यापूर्वी ६ मिमीचा बोल्ट घालून हे दोन गिअर एकमेकांना बांधावे लागतात, नाहीतर स्प्रिंग सुटते आणि बसवताना दात जुळत नाहीत. सगळ्या कॅप क्रमाने खोक्यात ठेवल्या, प्रत्येकीवर मार्कर.

पिस्टन बाहेर आले तेव्हा ऑइल खाण्याचे कारण दिसले. ऑइल रिंगा खाचेत कार्बनने चिकटून बसलेल्या. नखाने ढकलल्या तरी हलेनात. रिंगेमागची परतीची भोके बुजलेली. भिंतीवरचे ऑइल खरवडून खाली सोडण्याचे काम कोणीच करत नव्हते.

२० डिसेंबर

बोअरिंग-ग्राइंडिंगच्या कारखान्यात काकांकडे ब्लॉक, क्रँक आणि दोन्ही हेड नेली. काका चाळीस वर्षे हेच काम करतात. त्यांनी आधी विचारले, "काय काय झालंय तुला माहितेय का, की मी शोधू?" मी बाबांची वही दाखवली. चष्मा लावून त्यांनी ते पान दोनदा वाचले आणि म्हणाले, "मग हेडापासून सुरू करू."

ॲल्युमिनियमला चुंबकी चाचणी चालत नाही, म्हणून रंगाची. लाल रंग फवारायचा, मुरू द्यायचा, पुसायचा, मग पांढरी पावडर मारायची. भेग असेल तर आत शिरलेला रंग पावडरीवर उठतो. माझ्या हेडवर तिसऱ्या सिलिंडरच्या दोन एक्झॉस्ट सीटच्या मध्ये केसासारखी लाल रेघ उमटली. आधी पुसट, मग मिनिटभरात गडद. आम्ही दोघे नुसते बघत राहिलो. २,११,४०० किमीची ती पाच मिनिटे ही अशी समोर आली. काकांनी पट्टी आणि फीलर लावून पाहिले, हेड ०.१४ मिमी वाकलेले. मर्यादा ०.०५.

आयात इंजिनाचे हेड : भेग नाही, वाक ०.०३. दुसऱ्याचा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खडबडीत, त्याची सीट खाल्लेली, पण ग्राइंडिंगला पुरेसे मटेरियल आहे.

माझा ब्लॉक : प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजला. मूळ माप ८१ मिमी. दुसरा वर ८१.१७, खाली ८१.०३. म्हणजे नळकांडे राहिले नाही, वर रुंद झाले आहे. असल्या बोअरमध्ये नव्या रिंगा घातल्या तर वर-खाली होताना त्या प्रत्येक फेरीत आवळतात आणि सैल होतात, आणि वर्षभरात धूर परत येतो. ०.५० ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.५० मिमी मोठा, बोअर करावा लागेल. क्रँकने मात्र आश्चर्य दाखवले. क्रँकपिन ३९.९९ मिमी. नव्याचे माप ३९.९८५ ते ४०.०००. पावणेतीन लाखांहून जास्त किलोमीटर होऊन क्रँक नव्याच्या मापात आहे.

"ऑइल वेळेवर बदललंय कोणीतरी," काका म्हणाले. ते वाक्य बाबांना तसेच्या तसे सांगितले.

२३ डिसेंबर

निर्णय : ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड माझे. हेड, इंजेक्टर आणि डिस्ट्रिब्युटर आयात इंजिनाचे. आयात ब्लॉक वापरायचा नाही, कारण गंजाचा पट्टा घालवायला त्यालाही बोअरच करावा लागेल. मग ज्याचा इतिहास पानोपान लिहिलेला आहे तो ब्लॉक का सोडू? शिवाय इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक तोच राहिला की नोंदणीच्या कागदावरचा क्रमांकही तोच राहतो. ब्लॉक बदलणाऱ्याने ही कागदी बाजू आधीच पाहून ठेवावी, इंजिनाच्या खरेदीचे कागद जपावेत.

पूर्ण आयात इंजिन मी कधी निवडले असते तेही लिहून ठेवतो. माझा ब्लॉक फुटला असता, रॉड तुटून बाहेर आला असता, किंवा क्रँक ग्राइंडिंगच्या पलीकडे गेला असता तर. ओव्हरसाइझ पिस्टन मिळत नसते तरीही. आणि तेव्हाही आयात इंजिन आणले तसे बसवले नसते. पुढचे आणि मागचे ऑइल सील, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह सील इंजिन बाहेर असतानाच नवे. मागचे सील गाडीत बसल्यावर बदलायचे म्हणजे गिअरबॉक्स पुन्हा उतरवणे. हा खर्च आणि वेळ "टाक आणि मोकळा हो" या हिशेबात कोणी धरत नाही. तो धरला की दोन्ही मार्गांतले अंतर बरेच कमी होते.

१७ जानेवारी

पिस्टन आले. काकांचा नियम असा की आधी पिस्टन हातात, मग बोअर. चारही पिस्टन मायक्रोमीटरने मोजले, हजारांशात फरक होता. प्रत्येकावर क्रमांक घातला आणि त्या त्या पिस्टनच्या मापाने तो तो सिलिंडर बोअर केला. बोअर ८१.५ झाला म्हणजे इंजिन १,५८७ चे सुमारे १,६०७ सीसी झाले. शेवटचा हात होनिंगचा, तिरक्या रेघा एकमेकींना छेदणाऱ्या. या रेघांत ऑइल टिकते आणि रिंगा त्यांवर घासून बसतात.

२४ जानेवारी

सबंध दिवस धुण्यात. ऐकणाऱ्याला हे काम क्षुल्लक वाटते, मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. होनिंगची बारीक पूड पेट्रोलने किंवा डिझेलने निघत नाही, ती रेघांत तशीच राहते आणि पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये नव्या रिंगा खाते. गरम पाणी, साबण, ताठ ब्रश. ऑइलच्या प्रत्येक मार्गातून लांब ब्रश आरपार.

मग पांढरे सुती फडके ऑइलमध्ये भिजवून बोअरमधून फिरवले. राखाडी निघाले. पुन्हा साबण, पुन्हा फडके. कमी राखाडी. पाचव्या खेपेला फडके जसे आत गेले तसे पांढरे बाहेर आले. तेव्हाच थांबलो. धुतलेला बीड हवेत मिनिटाभरात लालसर होऊ लागतो, म्हणून लगेच हवा मारून कोरडा केला आणि हाताने ऑइल चोळले.

७ फेब्रुवारी

खालचे काम पूर्ण. मेन बेअरिंगचे नवे शेल घातले, प्लास्टिगेजने (दाबल्यावर चपटा होऊन फट दाखवणारा प्लास्टिकचा धागा) फट पाहिली, पाचही ठिकाणी ०.०३ मिमीच्या आसपास. कॅप ६० न्यूटन-मीटर. प्रत्येक कॅप घट्ट केल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहिला. एकदा जरी जड लागला असता तर परत खोलला असता. रिंगांची तोंडातली फट बोअरमध्ये घालून मोजली, दोन रिंगा कानशीने किंचित घासाव्या लागल्या.

१४ फेब्रुवारी

हेड बसवले. नवा व्हॉल्व्ह, ग्राइंड केलेली सीट, सोळाही सील नवी. प्रत्येक चेंबर उलटे धरून पेट्रोल भरले आणि अर्धा तास ठेवले, पोर्टमध्ये थेंब नाही.

हेडचे बोल्ट दोन लांबीचे आहेत : ९० मिमीचे इनटेकच्या बाजूला, १०८ मिमीचे एक्झॉस्टच्या बाजूला. अदलाबदल होऊ नये म्हणून आधीच दोन डब्यांत. मधून बाहेर अशा क्रमाने २९ न्यूटन-मीटर, मग प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पांढरा ठिपका देऊन ९० अंश, आणि पुन्हा ९० अंश. दुसऱ्या ९० ला पाना आवाज करतो, जीव धसकतो, पण बोल्ट तसाच ताणला जायला हवा. शेवटी सगळे ठिपके सुरुवातीच्या अगदी उलट दिशेला तोंड करून आले.

इनटेक व्हॉल्व्हची फट ०.१५ ते ०.२५ मिमीत हवी. दोन ठिकाणी ०.१२ निघाली, तिथे पातळ शिम (फट जुळवणारी चकती). जुन्या हेडमधल्या शिमांच्या डब्यातच दोन्ही मापे सापडली.

२२ फेब्रुवारी

इंजिन गाडीत. फ्लायव्हील माझेच. प्लग न लावता, इग्निशन तोडून स्टार्टर मारला. ऑइलचा दिवा पंधरा सेकंदांत विझला. थोडे थांबून आणखी दोनदा. मग प्लग, कनेक्शन, आणि बाबांना चावी दिली.

दुसऱ्या सेल्फला चालू झाले. पहिली दोन मिनिटे पांढरट धूर, बांधताना लावलेल्या ऑइलचा. नंतर काही नाही. बाबा उतरून मागे गेले, सायलेन्सरसमोर पांढरा रुमाल धरला, तो पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला.

नव्या रिंगांना आयडलवर ताटकळत ठेवायचे नाही. लगेच रस्त्यावर काढली. मध्यम रेस, मग पाय सोडून गाडी गिअरमध्येच मंदावू द्यायची, पुन्हा रेस. दाबाने रिंगा भिंतीला टेकतात, पाय सोडला की ऑइल वर येऊन त्यांना धुते.

१५ मार्च

५०० किमीला ऑइल-फिल्टर बदलले होते. जुन्या ऑइलमध्ये बारीक चमक होती, फिल्टर कापून पाहिला, तुकडे नाहीत. आज १,१४० किमी. डिपस्टिकवर ऑइल केसभरही उतरलेले नाही. कूलंटची पातळी रेघेवर, पहिल्यांदाच.

कॉम्प्रेशन : १३.५, १३.६, १३.४, १३.५.

२३ मार्च

आयात इंजिनाचा उरलेला ब्लॉक आज घेऊन जायला एक जण येणार आहे. त्याच्या ब्लॉकमधून रॉड बाहेर आला आहे, त्याला बोअर करून हाच वापरायचा आहे. सिलिंडरना ग्रीस चोळले, सगळी भोके बुजवली, वर जाड प्लास्टिक बांधले. टायमिंग कव्हरवरचे स्टिकर तसेच ठेवून कव्हरही सोबत दिले, आणि तारेने एक पुठ्ठा बांधला :

"टायमिंग बेल्ट बदलला २००४ मध्ये, १,०२,००० किमीला. पुढचे किलोमीटर माहीत नाहीत. सिलिंडर १, ३, ४ : लीक-डाउन ९, ११, १० टक्के, होनिंगच्या रेघा शाबूत. सिलिंडर २ : मध्यावर गंजाचा पट्टा, बोअर केल्याशिवाय वापरू नये. क्रँक मोजलेला नाही."